दहापैकी नऊ

माझा एक जुना विद्यार्थी आता दिवाळी अंक काढतो. "मास्तर, निजामाच्या राज्यातल्या शाळेचं काहीतरी गमतीचं लिहून द्या," असं म्हणून तो चार महिने माझ्या मागं लागलाय. गमतीचं माझ्याकडं पुष्कळ आहे. अडचण अशी की त्यातली सगळ्यात चांगली गंमत ज्या आठवड्यात घडली, त्याच आठवड्यात माझ्या हातून आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक झाली. एक सांगायची आणि दुसरी गिळायची, हे आता या वयात जमत नाही. तेव्हा दोन्ही लिहितो. नको असेल ते संपादकानं कापावं, कापायला मीच शिकवलंय त्याला.

मी जाफराबादच्या शाळेत इंग्रजीचा मुदर्रिस होतो. मुदर्रिस म्हणजे मास्तर. शाळा उर्दूची. हिशेब उर्दूत, तवारीख म्हणजे इतिहास, तोही उर्दूत. पोरं घरी मराठी बोलायची आणि शाळेत येऊन उर्दूत पाठ म्हणायची, आणि त्यात रोजचा एक तास मी इंग्रजी घेऊन उभा. गावात इंग्रजी वाचणारा मी जवळजवळ एकटाच. कुणाच्या घरी तार आली की ती वाचायला मला बोलवायचे, आणि तारेत बहुतेक करून कुणीतरी गेलेलंच असायचं. त्यामुळं मी एखाद्या गल्लीत शिरलो की बायका दारात येऊन उभ्या राहायच्या, आणि मी पुढं निघून गेलो की आत जायच्या.

गाव माझ्याशी वाईट वागत नव्हतं. फार अदबीनं वागायचं. पण अदबीनं वागणारा माणूस जवळ येऊन बसत नाही. शाळा सुटली की सगळे आपापल्या घरी जायचे आणि मी माझ्या खोलीकडं. भात टाकायचा, वह्या तपासायच्या. शुक्रवारी शाळेला सुट्टी असायची, तो दिवस फार लांब वाटायचा.

माझी बायको तापानं गेली तेव्हा आमची कुसुम आठ वर्षांची होती. मी तिला जालन्याला तिच्या मामाकडं ठेवली. बळवंतमामांचं मोंढ्यात कापसाच्या अडतीचं दुकान, भरलेलं घर, आणि जवळच मिशनची मुलींची शाळा, तिथं मुलींना इंग्रजीही शिकवायचे. जाफराबादला मुलीसाठी तसलं काहीच नव्हतं. सगळ्यांनी मला शहाण्यासारखं केलंस म्हणून सांगितलं. जाफराबादहून बैलगाडीनं भोकरदन, तिथून मिळाली तर मोटार, असं जालना गाठायला दीड दिवस लागायचा, आणि पावसाळ्यात पूर्णा नदी भरली की तेही बंद. दिवाळीला आणि उन्हाळ्यात, असे वर्षातून दोनदा मी बाप असायचो.

आता धंद्याचं सांगतो. इंग्रजी शब्दाला मागून जे छोटं पद जोडतात त्याला आपल्यात प्रत्यय म्हणतात. दहा वर्षांच्या पोरापुढं प्रत्यय हा शब्द काढला की ते जांभई देतं. मी त्याला शेपटी म्हणायचो. गावातल्या सुताराकडून कडुलिंबाच्या लाकडाच्या बोटभर चिपा करून घेतल्या होत्या. निळ्या चिपांवर मूळ शब्द, तांबड्यांवर शेपट्या. 'फार्म'ला 'अर' लावला की शेती करणारा. 'होप' म्हणजे आशा, त्याला 'फुल' लावलं की आशा असलेला, 'लेस' लावलं की आशा संपलेला. 'काइंड'ला 'नेस' लावलं की माया. त्या काळी पाठांतराचं राज्य होतं. पोरं अख्खा धडा घडाघडा म्हणायची आणि एका ओळीचा अर्थ विचारला की वर आढ्याकडं बघायची. माझ्या वर्गातली पोरं मात्र जमिनीवर बसून शब्द जुळवायची, याचा मला मोठा तोरा होता. खरं सांगायचं तर अजून आहे.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला होता. पोरांचा हात उर्दूनं वळलेला, उजवीकडून डावीकडं. त्यांनी निळी चीप ठेवली आणि तांबडी शेपटी तिच्या डाव्या अंगाला लावून मोकळे झाले. एकानं नाही, सगळ्या वर्गानं. रागवायची सोय नव्हती, त्यांच्या हिशेबानं शब्द तिकडंच संपत होता. मग मी प्रत्येकाला पाटीच्या वरच्या बाजूला एक बैल काढायला लावला. तोंड डावीकडं, शेपूट उजवीकडं. जिकडं बैलाचं शेपूट, तिकडं शब्दाची शेपटी. त्या दिवसापासून चीप कुणाची चुकली नाही. इंग्रजीचा तास सुरू व्हायच्या आधी पोरं मुकाट्यानं बैल काढून बसायची.

वर्गात सखाराम नावाचा एक धनगराचा पोरगा होता. शाळेत येताना अंगाला मेंढरांचा वास घेऊन यायचा आणि प्रश्नही तसलेच, पटकन न जाणारे. एकदा उभा राहून म्हणाला, "मास्तर, शेती करनारा फार्मर. मंग शीप म्हंजी मेंढरू, तर मेंढरं राखनारा शीपर का न्हाई?"

"इंग्रजांनी तसा शब्द केला नाही, सखाराम."

"त्यायनी न्हाई केला तर आपुन करू की. त्यायला कोन सांगायलंय?"

मी त्याला खाली बसवला. हसू दाबत बसवला. येत्या शुक्रवारी हे कुसुमला लिहायचं, हे तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

कारण शुक्रवार माझा आणि कुसुमचा होता. मी कार्डावर एक मूळ शब्द आणि चार शेपट्या लिहून पाठवायचो. तिच्या शाळेला सुट्टी रविवारी. त्या दिवशी ती शब्द जुळवून, प्रत्येकाचं एक वाक्य करून कार्ड पाठवायची. मी ते तांबड्या शाईनं तपासून, मार्क देऊन, पाकिटात घालून तिला परत पाठवायचो, म्हणजे चुका तिच्याजवळ राहतील. नियम दोन. कार्डावर एक अक्षर मराठी नको. आणि दुसरा नियम मी तिला दिवाळीत समोर बसवून सांगितला होता: "वाक्य खरं असलंच पाहिजे असं न्हाई. बराबर असलं पाहिजे."

पोरीनं तो मनावर घेतला. मामांच्या घराला छप्पर नाही, आमची मांजर फार दयाळू आहे, मामी गायिका आहे, असं काहीबाही लिहायची. शेपट्या मात्र बिनचूक. मी खोलीत एकटा बसून मोठ्यानं हसायचो. अभ्यास हे निमित्त होतं, हे मला कळत होतं. आठ दिवसांतून एकदा तिच्या हातचं काहीतरी माझ्या हातात यायचं, त्यासाठी तो सगळा उद्योग होता. पण निमित्ताचीही सवय लागते. चार वर्षांत मी तिची कार्डं आधी तपासायला लागलो आणि मग वाचायला.

आता तो आठवडा. कुसुम बारा सरून तेरावं लागलेली. औरंगाबादहून नाझिरसाहेब शाळा तपासायला येणार असल्याचा हुकूम आला. नाझिर म्हणजे शाळांवरचा मोठा अंमलदार. सगळी शाळा कामाला लागली. भिंतींना चुना, पोरांना टोप्या, मुदर्रिसांना शेरवान्या. मी वर्गाच्या सगळ्या वह्या खोलीवर आणल्या होत्या, कारण नाझिरसाहेब न तपासलेलं पान शोधून काढतात अशी त्यांची ख्याती. दिवसभर तांबडी शाई चालली होती. त्यातच टपालवाला कुसुमचं कार्ड देऊन गेला, आणि मी ते वह्यांच्या ढिगावर ठेवून, ओळीनं आलं तेव्हा तपासलं.

कार्डावरचं इंग्रजी मोडकं होतं. मराठीत करून सांगतो. 'मामांकडं एक ओनर येतो. त्याची जिनिंग आहे. तो विडोअर आहे. मला शाळेत राहायचं आहे. मी हेल्पलेस आहे. मामी केअरफुल आहे, मला बाहेर जाऊ देत नाही. तुम्ही क्विकली या. प्लीज.'

ही वाक्यं मला आज तोंडपाठ आहेत. त्या दिवशी मी ती वाचलीच नव्हती, तपासली होती. मला दिसल्या त्या पाच शेपट्या, पाचही बराबर. त्या आठवड्याचा मूळ शब्द तिनं घेतलाच नव्हता, तेही ध्यानात आलं नाही. त्यातही 'विडोअर' बघून मी खूश झालो. विडो म्हणजे विधवा, आणि त्याला शेपटी लावून होतो तो बायको गेलेला पुरुष. हा शब्द मी तिला कधी दिला नव्हता. मी दिलेल्या डिक्शनरीतून तिनं हुडकून काढला असणार. मनात आलं, बापावरून सुचला असेल. मी त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या आणि 'एक्सलंट' लिहिलं. 'प्लीज'चं स्पेलिंग चुकलं होतं, ते वर सुबक अक्षरात नीट करून लिहिलं आणि त्याचा एक मार्क कापला. दहापैकी नऊ. कार्ड पाकिटात घातलं आणि टपालात टाकून पुढची वही घेतली.

तीन दिवसांनी नाझिरसाहेब आले. माझ्या वर्गात शिरले आणि दारातच थांबले. सगळ्या पाट्यांवर बैल.

"मुदर्रिस साहब," ते म्हणाले, "ये अंग्रेज़ी का दर्जा है या मवेशीखाना?"

इंग्रजीचा वर्ग आहे का गुरांचा गोठा, असा त्यांचा सवाल. तेवढ्यात सखाराम न विचारता उभा राहिला. "साब, दुम किधर कू लगाना, वो समझने के वास्ते बैल है."

नाझिरसाहेबांनी त्याला पुढं बोलावलं, चिपा हातात घेतल्या आणि एकेक निळी चीप त्याच्यापुढं टाकायला लागले. सखाराम पटापट शेपट्या जोडत गेला आणि अर्थ सांगत गेला. शेवटी त्यांनी विचारलं, बाप काय करतो. पोरगा ताठ उभा राहून म्हणाला, "शीपर है साब."

नाझिरसाहेबांनी तो शब्द एकदा स्वतःशी म्हणून बघितला, मग हसायला लागले ते थांबेचनात. जाताना त्यांनी शेरेबुकात माझ्याबद्दल चार ओळी चांगल्या लिहिल्या आणि चिपांचा एक जोड स्वतःसाठी मागून नेला. नोकरीत इतका आनंद मला त्याआधी झाला नव्हता. आणि तो सांगायला जवळ कुणी नव्हतं. मी शुक्रवारचीही वाट न बघता कार्ड घेतलं, त्यावर बैल काढला आणि सगळी हकीकत कुसुमला लिहून टाकली.

उत्तर आलं नाही. रविवार गेला, पुढचा रविवार गेला. मी टपालवाल्याला दोनदा विचारलं. मग पाकीट आलं ते बळवंतमामांचं, मोडीत. कुसुमला चांगलं स्थळ आलंय. जालन्यातच कापसातली सरकी काढायची जिनिंग आहे, माणूस भला आहे, घर पाहण्यातलं आहे. माघात मुहूर्त धरून उरकून घेऊ. आपली संमती आठ दिवसांत कळवावी. खाली लिहिलं होतं: 'कुसुमला विचारलं. ती काही बोलत नाही, म्हणजे पसंत असावं.'

मामा वाईट माणूस नव्हता. माझी पोर त्यानं चार वर्षं सांभाळली होती, आणि बिनआईच्या पोरीचं वेळेत झालेलं बरं असं त्या वेळी कुणीही म्हणालं असतं. पोर लहान आहे, एवढं माझ्या मनात आलं. पण मी तिच्यासाठी काय केलं होतं? मध्ये बोलायला तोंड नव्हतं. ती गप्प आहे म्हणजे तिला चालतंय, असं मीही धरून चाललो. त्याच दिवशी संमती लिहिली. ते पत्र मराठीत होतं आणि त्यात एकही चूक नव्हती.

लग्नाच्या आदल्या दिवशी जालन्याला पोचलो. बायकांच्या गराड्यात कुसुमशी बोलायला मिळालंच नाही. नमस्काराला वाकली तेव्हा तिनं वर बघितलं नाही. मला वाटलं, लाजतेय.

मांडवात नवरदेवाच्या पाटाजवळ दोन लहान मुलं बसली होती. एक त्याच्या उपरण्याशी खेळत होतं. मी शेजारच्या बाईंना विचारलं, ही कुणाची. त्या म्हणाल्या, "जावयाचीच की हो. आई गेली बिचाऱ्यांची. बिजवर हायती, म्हाईत न्हाई का तुम्हाला?"

विडोअर. त्याच्याखाली मी ओढलेल्या दोन रेघा मला डोळ्यांपुढं दिसल्या. मग एकेक करून सगळं कार्ड दिसलं. भटजींनी अंतरपाट धरायला घेतला होता. मी बाप होतो. उठून उभा राहिलो असतो तर ते थांबलं असतं. गलका झाला असता, मामांची अब्रू गेली असती, पण थांबलं असतं. अक्षता वाटत आल्या तेव्हा मीही मूठभर घेतल्या.

त्यानंतर मी जाफराबादला परत आलो आणि शुक्रवारी कार्ड लिहायला बसलो. 'मला माफ कर' हे कुठल्या भाषेत लिहावं ते कळेना. शेवटी नेहमीसारखा एक मूळ शब्द आणि चार शेपट्या लिहून पाठवल्या. उत्तर नाही. असं पाच-सहा महिने केलं आणि मग बंद केलं. दिवाळीला तिच्या घरी जायचो. चहा यायचा. "बरी आहेस?" "बरी आहे." मध्ये मुलं खेळत असायची, तिची आणि त्याची. जावई खरोखर भला होता, मला आग्रहानं जेवायला बसवायचा. त्यानं तर जास्तच अवघड व्हायचं.

शाळेत चिपा चालूच होत्या. पोरं दरसाल नवी यायची, बैल काढायची. मी चांगलं शिकवत होतो, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. फक्त शुक्रवार घालवायचा कसा, ते मला पुढं कधी जमलं नाही. तपासून झालेल्या वह्या परत तपासायचो.

मग पोलीस अॅक्शन झाली. निजामाचं राज्य गेलं, शाळेतली उर्दू गेली, सुट्टी शुक्रवारची रविवारी आली. माझीही नोकरी संपत आलेलीच होती. मी चिपांची पेटी नव्या मास्तरांच्या हवाली केली आणि जालन्याला येऊन कुसुमच्या घरापासून दोन गल्ल्या टाकून एक खोली घेतली. तिच्या घरी राहायला ये, असं ती म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही. जावई दोन वर्षांपूर्वीच गेले होते. सावत्र मुलं तिनंच मोठी केली होती, ती तिला आई म्हणत होती.

एका रविवारी मी गेलो तेव्हा ती तिच्या धाकट्या मुलीला, माझ्या नातीला, पाटीवर शिकवत बसली होती. पाटीच्या वरच्या बाजूला बैल काढलेला. "शेपूट कुठंय? मंग शेपटी तिकडंच," असं तिला सांगत होती.

मी म्हणालो, "बैल तुझ्या ध्यानात राहिला होय."

"तुम्हीच कार्डावर काढून पाठवल्ता की," ती म्हणाली.

इतकी वर्षं न बोललेलं मी तेव्हा बोललो. "त्याच्या आधीचं कार्ड, कुसुम. ते मी वाचलं नव्हतं. तपासलं होतं."

ती उठली, आतल्या पेटीतून ते कार्ड काढून आणलं आणि माझ्यापुढं ठेवलं. तिची निळी शाई फिकी झाली होती. माझी तांबडी अजून चांगली होती.

"मामांच्या घरात कुणाला इंग्रजी येत न्हवतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तिला तो मुलीपुढं आणायचा नसेल. "मराठीत लिहिलं असतं तर टपालात पडायच्या आधीच मामांनी वाचलं असतं. म्हणून वाटलं, तुमचं इंग्रजी आता कामाला आलं. मंग हे परत आलं. मी पाठपोट पाहिलं, अण्णा. म्हणलं, येतो म्हणून कुठंतरी लिहिलं असंल. पाकीट फाडून आतून पाहिलं. तेवढ्यात मामांनी विचारलं, काय लिहिलंय गं अण्णांनी? मी म्हणलं, नऊ मार्क."

मी म्हणालो, "माझं चुकलं." इतकंच म्हणता आलं. पाटी जवळ ओढून तिनं बैलाला शिंगं काढली, ती काढायची राहिली होती.

खोलीवर आलो. दोन गल्ल्यांवर राहणाऱ्या माणसाला कुणी टपालानं पत्र पाठवत नाही. तरी एक कोरं कार्ड घेतलं आणि त्यावर मराठीत लिहिलं, 'तुझं पत्र मिळालं. मी येतो.' पत्ता घातला आणि चौकातल्या पेटीत टाकून आलो. आठवडाभर मी तिकडं फिरकलो नाही. कार्ड पोचलं असेल की नाही, ती काय म्हणेल, याच्या पलीकडं दुसरं काही सुचत नव्हतं.

रविवारी गेलो तर दार उघडंच होतं. कुसुम उंबऱ्याच्या आत उभी होती. कार्ड तिच्या हातात होतं.

"आलात?" ती म्हणाली.

"आलो. उशीर झाला."

"हो," ती म्हणाली, आणि मला आत यायला वाट देऊन बाजूला झाली.